पहिली तबकडी कुणाची?

नोव्हेंबर १९५५ मध्ये मेम्फिसच्या सॅम फिलिप्सने आपल्याकडचा वीस वर्षांचा एक गायक ३५,००० डॉलरला विकून टाकला. घेणारी कंपनी आरसीए, गायक एल्विस प्रेस्ली. पुढे काय झालं हे आपल्याला ठाऊक असल्यामुळे आज हा सौदा वेडेपणाचा वाटतो. फिलिप्सलाही त्याबद्दल आयुष्यभर विचारलं गेलं. पण त्या वेळी त्याच्या ‘सन रेकॉर्ड्स’च्या डोक्यावर कर्ज होतं. दुकानदारांकडून वसुली सावकाश होई आणि तबकड्या छापून देणाऱ्याला मात्र पैसे वेळेवर द्यावे लागत. असल्या चिमुकल्या कंपन्या माल खपला नाही म्हणून बुडत, तशा एकाएकी फार खपला म्हणूनही बुडत. फिलिप्सने आलेल्या पैशातून देणी फेडली, कार्ल पर्किन्सच्या पुढच्या तबकडीमागे जोर लावला आणि मेम्फिसमध्येच उभ्या राहिलेल्या हॉलिडे इन या हॉटेल कंपनीत गुंतवणूक केली. हॉटेलांनी त्याला गाण्यांपेक्षा जास्त दिलं असं म्हणतात.

संगीताच्या पुस्तकाची सुरुवात मी मुद्दाम व्यवहाराने करतो आहे. रॉक अँड रोलचा इतिहास सहसा वाढदिवसांनी सांगितला जातो: अमुक तारखेला अमुक गाणं झालं आणि नवं संगीत जन्माला आलं. चाहत्यांना ते आवडतं, संग्रहालयांना सोयीचं जातं. या पुस्तकातही तारखा आहेत, भरपूर आहेत. पण प्रत्येक तारखेपाशी थांबून मी दोन गोष्टी विचारल्या आहेत. तबकडीवर नाव कुणाचं छापलं गेलं? आणि पैसे कुणाच्या खिशात गेले? एवढं कळलं की मैलाचे बरेच दगड जागचे हलतात.

सगळ्यात जुना वाद ‘पहिली रॉक अँड रोल तबकडी कोणती’ हा. दावेदारांना तोटा नाही. सिस्टर रोझेटा थार्पने १९४४ मध्ये ध्वनिमुद्रित केलेलं ‘स्ट्रेंज थिंग्ज हॅपनिंग एव्हरी डे’ घ्या. गाणं भक्तीचं, पण गिटारवरची बोटं थेट नाचाच्या अड्ड्यावरची. पुढच्या वर्षी ते कृष्णवर्णीयांच्या गाण्यांच्या यादीत दुसऱ्या क्रमांकापर्यंत चढलं. १९४७ मध्ये रॉय ब्राउनचं ‘गुड रॉकिंग टुनाइट’ आलं, वर्षभरात वायनोनी हॅरिसने तेच आणखी रांगडं करून गायलं. डिसेंबर १९४९ मध्ये न्यू ऑर्लीन्सला फॅट्स डोमिनोने ‘द फॅट मॅन’ मुद्रित केलं. यातलं कुठलंही पहिलं म्हणा, तुमच्या बाजूने पुरावा सापडेल.

सर्वांत जास्त मतं पडतात ती ‘रॉकेट ८८’ला, आणि तिची हकीकतच अशी आहे की ती सांगितल्यावाचून राहवत नाही. मार्च १९५१. आइक टर्नरचा वाद्यवृंद मिसिसिपीतल्या क्लार्क्सडेलहून मेम्फिसला निघाला. वाटेत गिटारच्या अॅम्प्लिफायरला इजा झाली. कोणी म्हणतं तो गाडीवरून पडला, कोणी म्हणतं पावसात भिजला. स्पीकरचा पडदा फाटला होता आणि दुरुस्तीला वेळ नव्हता. ७०६ युनियन अॅव्हेन्यूवरच्या त्या एका खोलीच्या स्टुडिओत फिलिप्सने फटीत कागद कोंबला आणि जो घरघरता, चरचरता आवाज निघाला तो तसाच ठेवला. कुठल्याही मोठ्या कंपनीच्या तंत्रज्ञाने त्या दिवशी काम थांबवलं असतं. फिलिप्सला तो आवाज आवडला. आज त्या चरचरीसाठी वादक पैसे मोजून वेगळी यंत्रं विकत घेतात.

आता हिशेब. गाण्याचे बोल सॅक्सोफोनवादक जॅकी ब्रेन्स्टनने गायले म्हणून तबकडीवर नाव आलं ‘जॅकी ब्रेन्स्टन आणि त्याचे डेल्टा कॅट्स’ असं. डेल्टा कॅट्स नावाचा वाद्यवृंदच नव्हता. होता तो टर्नरचा. टर्नर हे शेवटपर्यंत विसरला नाही. तबकडी शिकागोच्या चेस कंपनीने काढली, कारण तेव्हा फिलिप्सची स्वतःची तबकड्यांची कंपनी नव्हती. ‘सन’ १९५२ मध्ये निघाली. त्याच वर्षी, म्हणजे १९५१ मध्येच, पेनसिल्व्हेनियातल्या बिल हेली नावाच्या एका गोऱ्या कंट्री गायकाने ‘रॉकेट ८८’ची आपली आवृत्ती काढली. हेलीची तबकडी फार कुणाच्या लक्षात नाही, पण मला ती मोलाची वाटते. चार वर्षांनी जगभर गाजणारा माणूस धडे कुठे गिरवत होता ते तिथे ऐकू येतं.

हे सगळं पन्नाशीच्या दशकातच का झालं? टेलिव्हिजन आला आणि अमेरिकेतले देशभर ऐकले जाणारे रेडिओ कार्यक्रम तिकडे गेले. गावोगावच्या केंद्रांना रिकामे तास भरायचे होते, आणि सर्वांत स्वस्त भरणा तबकड्यांचा. मेम्फिसच्या डब्ल्यूडीआयए केंद्राने तर दशकाच्या तोंडावर सगळाच कार्यक्रम कृष्णवर्णीय श्रोत्यांसाठी करायचं ठरवलं. मोठ्या कंपन्यांना या श्रोत्यांत रस कमी, तेव्हा चेस, सन, स्पेशल्टी, किंग अशा किरकोळ भांडवलाच्या कंपन्यांनी ती जागा घेतली. टेपवर मुद्रण करता येऊ लागल्यामुळे एका खोलीत स्टुडिओ थाटणं शक्य झालं. १९४९ मध्ये आरसीएने ४५ फेऱ्यांची छोटी, न फुटणारी तबकडी आणली. १९५४ च्या अखेरीस रीजन्सी कंपनीचा खिशात मावणारा ट्रान्झिस्टर रेडिओ ४९.९५ डॉलरला मिळू लागला आणि पोराटोरांना आईवडिलांच्या दिवाणखान्याबाहेर गाणं ऐकता येऊ लागलं. शेवटची गोष्ट सर्वांत महत्त्वाची असावी.

ओहायोतल्या क्लीव्हलंडला अॅलन फ्रीड नावाचा निवेदक रात्री रेडिओवर कृष्णवर्णीयांचं रिदम अँड ब्लूज संगीत वाजवायचा. २१ मार्च १९५२ रोजी त्याने तिथल्या अरीनात नाचगाण्याचा जलसा ठेवला. जागा साधारण दहा हजारांची, लोटले त्याच्या जवळपास दुप्पट. दारं मोडली आणि पोलिसांनी जलसा सुरू होतो न होतो तोच बंद पाडला. याला आता पहिली रॉक मैफल म्हणतात. गाणं जेमतेम झालं, तरी मैलाचा दगड उभा राहिला! फ्रीडने ‘रॉक अँड रोल’ हे नाव घरोघर नेलं हे खरं. त्याने त्याची किंमतही वसूल केली, त्याकडे पुढे येतोच.

५ जुलै १९५४ ची रात्र मात्र खरोखर थांबून पाहण्यासारखी आहे. ट्रक चालवणारा एकोणीस वर्षांचा एल्विस आदल्या वर्षी याच स्टुडिओत चारेक डॉलर देऊन स्वतःपुरती तबकडी करून गेला होता. आता फिलिप्सने त्याला गिटारवादक स्कॉटी मूर आणि बासवादक बिल ब्लॅक यांच्याबरोबर बोलावलं. संथ प्रेमगीतं गाऊन झाली, काही जमेना. विश्रांतीत एल्विसने आर्थर क्रुडपचं ‘दॅट्स ऑल राइट’ गंमत म्हणून धरलं, ब्लॅक बासवर उड्या मारू लागला, मूर शिरला. आतल्या खोलीतून फिलिप्सने विचारलं की हे काय चाललंय, आणि पुन्हा पहिल्यापासून घ्यायला लावलं.

तबकडी नीट ऐकली तर लक्षात येतं की तिच्यात ड्रम नाहीत. ठेका येतो तो बासमधून. ब्लॅक तार ओढून सोडतो, ती पट्टीवर आपटते; एकाच हाताने स्वरही निघतो आणि टाळीसारखा ठोकाही. आवाज घुमतो त्याचीही युक्ती साधीच. सनमध्ये दोन टेपयंत्रं होती. एकावर मुद्रण चालू असताना तोच आवाज दुसऱ्यावरून क्षणभर मागे राहून परत मिसळायचा. तिघांचा आवाज पाचसहा जणांचा वाटायचा. कंट्री आणि ब्लूजच्या या मिश्रणाचं, म्हणजे रॉकबिलीचं, सगळं भांडवल एवढंच: एक साधी गिटार, एक विजेची, एक आपटता बास आणि ही उसनी घुमी. मोठ्या कंपन्यांनी पुढे तिची नक्कल करून पाहिली. आरसीएने ‘हार्टब्रेक हॉटेल’साठी आवाज जिन्याच्या पोकळीतून घुमवून आणला, तो वेगळाच निघाला.

दोन-चार दिवसांत मेम्फिसमधल्या ड्यूई फिलिप्स या निवेदकाने (नात्याचा नव्हे, फक्त आडनावबंधू) ती तबकडी रेडिओवर पुन्हा पुन्हा वाजवली. फोन खणखणू लागले. ड्यूईने एल्विसला बोलावून घेतलं आणि एक निरुपद्रवी प्रश्न विचारला: शाळा कोणती? उत्तर आलं, ह्यूम्स हायस्कूल. मेम्फिसमधल्या प्रत्येक श्रोत्याला कळलं की हा मुलगा गोरा आहे, कारण शाळा रंगानुसार वेगळ्या होत्या. शाळांतली ही फाळणी घटनाबाह्य ठरवणारा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल येऊन तेव्हा दोन महिनेही झाले नव्हते.

क्रुडपचं काय झालं? मिसिसिपीतला हा ब्लूज गायक. मूळ गाणं त्याने १९४६ मध्ये आरसीएकडेच गायलं होतं. १९४९ मध्ये कंपनीने ४५ फेऱ्यांच्या नव्या तबकडीत रिदम अँड ब्लूजची मालिका सुरू केली तेव्हा पहिला मान याच गाण्याला दिला. मान दिला, मानधन नाही. हक्काच्या रकमेसाठी तो वर्षानुवर्षं भांडला, शेतमजुरी करत राहिला आणि १९७४ मध्ये वारला.

इथे ‘गोऱ्यांनी काळ्यांचं संगीत चोरलं’ असं एका वाक्यात म्हणून मोकळं होता येतं. ते खोटं नाही, पण अपुरं आहे. त्याच तबकडीची दुसरी बाजू पाहा. ‘ब्लू मून ऑफ केंटकी’ हे ब्लूग्रासचा जनक बिल मन्रोचं तीन मात्रांच्या झोक्यातलं संथ गाणं. एल्विसने ते चार मात्रांत पळवलं. इकडे कृष्णवर्णीयांचं, तिकडे डोंगरी गोऱ्यांचं, दोन्ही सारख्याच बेदरकारपणे उचललेली. दुसरीकडे सेंट लुइसचा चक बेरी काय करत होता? केशरचनेचं शिक्षण घेतलेला हा कृष्णवर्णीय तरुण रात्री क्लबात कंट्री गाणी गाऊन लोकांना चकित करायचा. ब्लूज गायक मडी वॉटर्सच्या सांगण्यावरून तो चेस कंपनीकडे गेला आणि २१ मे १९५५ रोजी ‘मेबलीन’ मुद्रित केलं. त्याचा पाया ‘आयडा रेड’ हे जुनं कंट्री गाणं. सूर दोन्ही दिशांनी ये-जा करत होते, पैसा मात्र बहुतेक एकाच. ‘मेबलीन’ छापून आलं तेव्हा गीतकार म्हणून बेरीच्या शेजारी आणखी दोन नावं होती. त्यातलं एक अॅलन फ्रीडचं. फ्रीडने गाण्यातला एक शब्दही लिहिला नव्हता. तो ते रेडिओवर वाजवणार होता, एवढंच. बेरीला पूर्ण श्रेय परत मिळवायला १९८६ उजाडलं.

याच बेरीचं ‘जॉनी बी. गूड’ १९७७ मध्ये व्हॉयेजर यानांबरोबर पाठवलेल्या सोनेरी तबकडीवर आहे. तिच्यावरच गोव्याच्या केरीत जन्मलेल्या केसरबाई केरकरांची भैरवी आहे, हे मराठी वाचकांपैकी अनेकांना माहीत असतं. शेजारी कोण बसलं आहे याची चौकशी मात्र कमी जण करतात.

‘हाउंड डॉग’चं प्रकरण ‘मेबलीन’हून गुंतागुंतीचं. गाणं लिहिलं लीबर आणि स्टोलर या एकोणीस वर्षांच्या दोन गोऱ्या मुलांनी, कृष्णवर्णीय गायिका बिग मामा थॉर्न्टनसाठी. १९५३ मध्ये ते रिदम अँड ब्लूजच्या यादीत सात आठवडे पहिलं राहिलं. तिला त्याचे एकदाच ५०० डॉलर मिळाले, असं ती सांगायची. गाण्याचं यश पाहून फिलिप्सने सनतर्फे रूफस थॉमसकडून त्याच चालीवर ‘बेअर कॅट’ नावाचं उत्तर गाऊन घेतलं. सनचं पहिलं मोठं यश हेच. थॉर्न्टनच्या तबकडीचा मालक डॉन रोबी स्वतः कृष्णवर्णीय. त्याने दावा लावला आणि जिंकला. एल्विसने १९५६ मध्ये गायलेलं ‘हाउंड डॉग’ तर लास व्हेगसमधल्या फ्रेडी बेलच्या विनोदी आवृत्तीवरून उचललेलं होतं. या साखळीत चोर कोण आणि धनी कोण, हे सांगणाऱ्याने जपून सांगावं.

‘रॉक अराउंड द क्लॉक’वर मी या पुस्तकात फार पानं खर्च केलेली नाहीत, कारण ते सर्वांना पाठ आहे. मात्र त्यातला गिटारचा तुकडा वाजवणारा डॅनी सेड्रोन विसरला जाऊ नये. १२ एप्रिल १९५४ ला न्यूयॉर्कच्या पायथियन टेंपलमध्ये बिल हेलीच्या गटाचा बहुतेक वेळ दुसऱ्याच गाण्यावर गेला. उरलेल्या थोड्या वेळात हे उरकलं. सेड्रोनने दोन वर्षांपूर्वी हेलीच्याच ‘रॉक द जॉइंट’मध्ये वाजवलेला तुकडा जवळजवळ जसाच्या तसा पुन्हा वाजवला आणि २१ डॉलर घेऊन घरी गेला. जूनमध्ये जिन्यावरून पडून तो मेला. गाणं तेव्हा आलं आणि गेलं. पुढच्या वर्षी ‘ब्लॅकबोर्ड जंगल’ या चित्रपटाच्या श्रेयनामावलीमागे ते वाजलं आणि जुलै १९५५ पासून आठ आठवडे अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर राहिलं.

लिटल रिचर्डचं ‘टुटी फ्रुटी’ही असंच उरल्यासुरल्या वेळात झालेलं. सप्टेंबर १९५५, न्यू ऑर्लीन्स, कोझिमो मटासाचा स्टुडिओ. मूळ बोल इतके चावट की ते ऐन वेळी डॉरथी लाबोस्ट्री या मुलीकडून धुऊन घ्यावे लागले. मग गोऱ्या पॅट बूनने ते आणखी धुऊन गायलं, आणि बूनची तबकडी यादीत रिचर्डच्या वर गेली. आज बूनची ऐकवत नाही. काळाचा न्याय नेहमी उशिरा असतो, इथे तो निदान आला.

रॉकबिलीचा खरा मानबिंदू माझ्या मते एल्विस नाही, कार्ल पर्किन्स. टेनेसीतल्या कापसाच्या शेतात बटाईने राबणाऱ्या गोऱ्या कुटुंबातला मुलगा, गिटार शिकला शेजारी राबणाऱ्या एका म्हाताऱ्या कृष्णवर्णीय मजुराकडून. डिसेंबर १९५५ मध्ये मुद्रित झालेलं त्याचं ‘ब्लू स्वेड शूज’ पॉप, कंट्री आणि रिदम अँड ब्लूज अशा तिन्ही याद्यांत वर गेलं. तिन्ही याद्या, म्हणजे तिन्ही गिऱ्हाइकं. सनची ही दहा लाखांवर खपलेली पहिली तबकडी. २२ मार्च १९५६ रोजी न्यूयॉर्कच्या टेलिव्हिजन कार्यक्रमासाठी जाताना डेलावेअरमध्ये डोव्हरजवळ त्याच्या गाडीला अपघात झाला. तो बरा होत असताना एल्विसने ते गाणं टेलिव्हिजनवर गायलं. पर्किन्सने याबद्दल कधी कुरकुर केली नाही, आणि स्वतःचं गाणं असल्यामुळे त्याला पैसेही मिळत राहिले. पुढे बीटल्सनी त्याची तीन गाणी मुद्रित केली.

४ डिसेंबर १९५६ च्या दुपारी पर्किन्स सनमध्ये ‘मॅचबॉक्स’ मुद्रित करत होता. पियानोवर रोजंदारीने आलेला जेरी ली लुइस. एल्विस सहज डोकावला, जॉनी कॅशही होता. फिलिप्सने टेप चालू ठेवली आणि हुशारीने वर्तमानपत्राला फोन केला. ‘मिलियन डॉलर क्वार्टेट’ म्हणून गाजलेल्या या बैठकीत रॉक अँड रोल कमी आणि चर्चची गाणी जास्त आहेत. मध्येच ते चक बेरीचं गाणं आठवून आठवून म्हणतात. टेपमध्ये हा भाग मला सर्वांत खरा वाटतो.

बायकांना या इतिहासात जागा उशिरा मिळाली. ओक्लाहोमाच्या वांडा जॅक्सनचा फाटका, टोकदार आवाज अमेरिकेच्या रेडिओला झेपला नाही; तिचं ‘फुजियामा मामा’ गाजलं ते जपानमध्ये. १९८६ मध्ये रॉक अँड रोल हॉल ऑफ फेमने पहिल्या तुकडीत घेतलेल्या गायकांत एकही स्त्री नव्हती. जॅक्सनला २००९ मध्ये घेतलं. ज्या थार्पने लिटल रिचर्डला कोवळ्या वयात मंचावर उभं केलं, तिची पाळी यायला २०१८ उजाडलं. तिला जाऊन तोवर जवळपास पंचेचाळीस वर्षं झाली होती.

रॉक अँड रोलच्या शेवटाची कथा सर्वांना पाठ असते: १९५७ मध्ये रिचर्ड धर्माकडे वळला, १९५८ मध्ये एल्विस सैन्यात गेला, तेरा वर्षांच्या नातलग मुलीशी केलेल्या लग्नाने जेरी ली बदनाम झाला, ३ फेब्रुवारी १९५९ ला गायक बडी हॉली आयोवात विमान कोसळून गेला, त्याच वर्षी बेरीला अटक झाली आणि रेडिओवर गाणी वाजवण्यासाठी घेतलेल्या पैशांच्या चौकशीत फ्रीडची नोकरी गेली. एप्रिल १९६० मध्ये गायक एडी कॉक्रन इंग्लंडमध्ये अपघातात मेला. म्हणून संगीतच मेलं असं म्हणतात. ते मला पटत नाही. १९५९ हे रे चार्ल्सच्या ‘व्हॉट’ड आय से’चंही वर्ष आहे, आणि तोवर लिव्हरपूलमध्ये मुलं गिटारी घेऊन बसली होती. आपल्याकडेही पुणतांब्याच्या सी. रामचंद्रांनी १९५७ मध्येच ‘आशा’ चित्रपटात ‘ईना मीना डीका’ करून हा ठेका हिंदी सिनेमात आणला होता. त्यामागे मुंबईतल्या गोवेकर वादकांचा मोठा हात होता. त्या वादकांची नावं श्रेयनामावलीत शोधून पाहा.

आता एक विनंती. पुस्तक वाचायला घेण्याआधी चार जोड्या ऐका, आणि याच क्रमाने ऐका. आधी आर्थर क्रुडपचं ‘दॅट्स ऑल राइट’, मग एल्विसचं. आधी बिल मन्रोचं १९४६ मधलं ‘ब्लू मून ऑफ केंटकी’, मग एल्विसचं. आधी बिग मामा थॉर्न्टनचं ‘हाउंड डॉग’, मग एल्विसचं. आधी बिग मेबेलने १९५५ मध्ये गायलेलं ‘होल लॉटा शेकिन’ गोइंग ऑन’, मग जेरी ली लुइसचं. सगळी इंटरनेटवर सहज मिळतात, आणि एकही गाणं तीन मिनिटांहून फार लांब नाही.